नोंदवही कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘विद्यापीठातल्या खेळाडू मुली : दुखापती आणि मानसिक आरोग्य यांची संशोधनासाठी नोंद’ असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “हा काय आपला विषय आहे का?” प्रश्न रास्त आहे. आपल्या केंद्रात बायका मारहाणीच्या, पोटगीच्या, घरातून हाकलून दिल्याच्या तक्रारी घेऊन येतात. गुडघा दुखतो म्हणून कुणी येत नाही.

पण नोंद हा आपला जुनाच विषय आहे. १९८० च्या आसपास सुना जळून मरत होत्या आणि कागदावर ‘स्टोव्हचा भडका, अपघात’ असं लिहिलं जात होतं. मृत्यू कुणी लपवला नव्हता. तो मोजलाही जात होता, पण चुकीच्या रकान्यात. तो रकाना बदलायला बायकांना रस्त्यावर यावं लागलं. १९८३ मध्ये ४९८ अ आणि १९८६ मध्ये ३०४ ब ही कलमं आली, ती त्यानंतर. तेव्हा फॉर्म कोण तयार करतं, प्रश्न कोण विचारतं आणि भरलेला कागद कुणाच्या कपाटात जातो, हे आपण विचारायचं नाही तर कुणी?

मी आठवड्यातून दोन दिवस एका महाविद्यालयात समुपदेशनासाठी जाते. दोन वर्षांपूर्वी तिथे एका संशोधनासाठी खेळाडूंना फॉर्म वाटले. दुखापत झाली का, किती दिवस विश्रांती घेतली, झोप लागते का, उदास वाटतं का, पाळी नियमित येते का, असे प्रश्न. हेतू चांगलाच होता. भरलेले फॉर्म मला दिसले ते क्रीडाविभागाच्या टेबलावर, हजेरीपटाशेजारी, उघडे, नावानिशी. कबड्डीच्या संघातल्या एकीनेही ‘दुखतं’ या रकान्यात खूण केलेली नव्हती. आणि खिडकीतून मैदान दिसत होतं, तिथे त्याच संघातल्या दोघी गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून चढाईचा सराव करत होत्या.

त्यातली एक पुढे माझ्याशी बोलली. म्हणाली, “ताई, फॉर्म सरच गोळा करतात ना. आणि संघपण सरच काढतात.”

इतकं सरळ आहे ते. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी ठरलेल्या स्तरावरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. शेतमजुराच्या, रिक्षावाल्याच्या घरातली मुलगी कबड्डी खेळते ती निव्वळ हौस म्हणून नाही. पोलीस भरतीचा रस्ता त्या मैदानावरून जातो आणि लग्न दोन-तीन वर्षं लांबतं तेही त्याच मैदानामुळे. ‘गुडघा दुखतो’ असं लिहिलं तर संशोधनाला एक आकडा मिळेल, तिची मात्र संघातली जागा जाईल. तिने लिहिलेलं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तिला विचारला गेलेला खरा प्रश्न ‘तुला संघातून काढू का?’ हा होता, आणि त्याचं उत्तर तिने बरोबर दिलं.

आता जिथे ही मोजणी फार पूर्वीपासून चालते तिथे काय झालं, ते बघू. अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संस्था बघते. १९७२ मध्ये तिथे ‘टायटल नाइन’ हा शिक्षणातल्या लिंगभेदाला मनाई करणारा कायदा झाला आणि मुली मोठ्या संख्येने मैदानावर आल्या. १९८१-८२ मध्ये एनसीएएने मुलींच्या अजिंक्यपद स्पर्धा सुरू केल्या, आणि १९८२ मध्येच दुखापतींची कायमची नोंदवही उघडली. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. एक खेळाडू एका सरावाला किंवा एका सामन्याला उतरली की ती एक खेप धरायची, आणि दर हजार खेपांमागे किती दुखापती झाल्या ते काढायचं. म्हणजे पंधरा जणींचा संघ आणि चाळीस जणींचा संघ यांची तुलना करता येते.

१९८८-८९ ते २००३-०४ अशा सोळा वर्षांची, पंधरा खेळांची आकडेवारी २००७ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली. सामन्यात हजार खेपांमागे १३.८ दुखापती, सरावात ४. यात फार नवल नाही. पण सरावातही हंगाम सुरू होण्याआधीच्या सरावात ६.६ आणि हंगाम चालू असतानाच्या सरावात २.३. वर्षभर काही नाही आणि एकदम कसून सराव सुरू, तिथे शरीर मोडतं. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तारीख लागली की पंधरा दिवस आधी मुलींना मैदानावर उतरवतात. ते आठवा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

मुलींबद्दलची मोठी गोष्ट त्याआधीच, १९९५ मध्ये, याच नोंदवहीतून बाहेर आली होती. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचं लिगामेंट असतं. ते तुटलं की बहुतेक वेळा शस्त्रक्रिया आणि निदान नऊ महिने घरी. १९८९ ते १९९३ च्या नोंदींवरून दिसलं की फुटबॉलमध्ये मुलींचं हे लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त होतं आणि बास्केटबॉलमध्ये चौपट. त्यातल्या कितीतरी वेळा कुणाचा धक्कासुद्धा लागलेला नसतो. उडी मारून खाली येताना किंवा पळता पळता झटकन दिशा बदलताना ते तुटतं. हे कळल्यामुळेच उडी कशी मारायची, गुडघा आत न वळवता पाय कसा टेकवायचा, मांडीच्या मागचे स्नायू कसे बळकट करायचे, याचे व्यायाम तयार झाले. सरावाआधी वीस मिनिटं ते नियमित केले तर दुखापती कमी होतात हेही मोजून सिद्ध झालं. मोजणीचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो. आकडा नव्हता तोवर ‘बायकांचं शरीरच नाजूक’ हे एकच उत्तर होतं.

अर्थात आकडा आल्यावरही काही वर्षं चर्चा फिरली ती बायकांच्या रुंद कमरेभोवती आणि हार्मोन्सभोवती. मुलींना कोणतं मैदान मिळतं, बूट पुरुषांच्या पायाच्या मापावर बेतलेले असतात का, व्यायामशाळेत वजनं उचलायला मुलींना लहानपणापासून कुणी शिकवलं का, हे प्रश्न मागे राहिले. २०२१ मध्ये तिघी संशोधक स्त्रियांनी एका शोधनिबंधात हे स्पष्ट मांडलं. आपल्याला त्यात नवं काही नाही. शरीराला दोष दिला की व्यवस्था सुटते.

या नोंदवहीत आणखी एक खोच होती. त्या सोळा वर्षांच्या आकडेवारीत दुखापत कशाला म्हणायचं, तर डॉक्टर किंवा संघाचा प्रशिक्षित उपचारक यांनी बघितली आणि पुढचा एक तरी दिवस खेळ बंद ठेवावा लागला, तिला. म्हणजे जी दुखणं सोसून खेळत राहिली तिचं दुखणं मोजलंच जात नाही. २०१३ मध्ये नॉर्वेतल्या ऑस्लोच्या संशोधकांनी वेगळी पद्धत वापरून पाहिली. पाच खेळांतल्या ३१३ खेळाडूंना त्यांनी तेरा आठवडे साधे चार प्रश्न विचारले : या आठवड्यात दुखण्यामुळे भाग घ्यायला अडचण आली का, सराव कमी करावा लागला का, खेळावर परिणाम झाला का, दुखलं किती. तेच तेच हालचालीचं काम करून जडणाऱ्या दुखण्यांची संख्या जुन्या पद्धतीने ४० भरली होती. या चार प्रश्नांनी गुडघा, कंबर आणि खांदा या तीनच ठिकाणची ४१९ दुखणी सापडली.

चाळीस आणि चारशे एकोणीस. खेळाडू तेच, आठवडे तेच, फरक विचारण्यात. वस्तीत पाहणी करताना तुम्ही हे अनुभवलं असेल. ‘गेल्या महिन्यात आजारी होतीस का?’ असं विचारलं की बाई ‘नाही’ म्हणते. ‘दुखत असताना काम केलंस का?’ असं विचारलं की म्हणते, ‘ते तर रोजचंच.’

आता पाळीबद्दल. १९८४ मध्ये अमेरिकेत असं दाखवून दिलं गेलं की ज्या खेळाडूंची पाळी बंद झालेली असते त्यांच्या मणक्याची हाडं पाळी नियमित असलेल्या खेळाडूंपेक्षा विरळ असतात. तोवर पाळी जाणं म्हणजे कसून सराव चालल्याची खूण, असंच प्रशिक्षक आणि पुष्कळ मुलीही समजत. कमी खाणं, पाळी जाणं आणि हाडं ठिसूळ होणं या तिन्हींची साखळी १९९२ मध्ये एकत्र मांडली गेली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी ती आणखी रुंद केली : शरीर खर्च करतं तेवढं अन्न पोटात जात नसेल तर पाळी, हाडं, हृदय, मन, सगळ्यावर परिणाम होतो, आणि हे मुलांनाही होतं.

इथे मात्र फॉर्म जसाच्या तसा उचलून चालणार नाही. तिकडचे प्रश्न डाएटिंगवर, बारीक दिसण्यावर भर देतात. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपली मुलगी सकाळी चहा-बिस्किटावर सरावाला येते ती बारीक होण्यासाठी नव्हे. घरी ती शेवटी जेवते, वसतिगृहाची खानावळ सरावाच्या वेळी बंद असते, आणि अंड्याला पैसे लागतात. तिला ‘तू वजन कमी करायचा प्रयत्न करतेस का?’ असं विचारलं तर ती ‘नाही’ म्हणेल आणि संशोधक लिहील, आहाराची समस्या नाही.

मनाकडे येते. एनसीएएच्या खेळाडूंच्या वीस वर्षांतल्या, २००२ ते २०२२ मधल्या, मृत्यूंचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ११०२ मृत्यूंपैकी १२८ आत्महत्या. पहिल्या दहा वर्षांत हे प्रमाण ७.६ टक्के होतं, पुढच्या दहा वर्षांत १५.३ टक्के झालं. त्या १२८ मध्ये मुली ३०. उलट ताण, चिंता, थकवा यांच्या प्रश्नावलींत मुलींचे आकडे मुलांपेक्षा वर असतात. याचा अर्थ मुली दुबळ्या असा कुणी लावला तर तिथेच थांबवा. मुली निदान कागदावर लिहितात. मुलं लिहीतही नाहीत, हे या दोन आकड्यांमधलं अंतर सांगत असावं असं मला वाटतं.

दुखापत आणि मन हे दोन वेगळे रकाने करणं हेच मुळात अपुरं आहे. गुडघा गेला की मुलीचं काय काय जातं? सरावाची वेळ जाते, म्हणजे घराबाहेर पडायचं कारण जातं. मैत्रिणी जातात. खेळाडू म्हणून वसतिगृहात मिळालेली जागा जाते. प्रमाणपत्राची आशा जाते, आणि घरी स्थळं बघायला सुरुवात होते. समुपदेशनाला आलेल्या एका मुलीने मला विचारलं होतं, “ताई, गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मुलाकडच्यांना सांगावं लागतं का?” ही चिंता कोणत्याही छापील प्रश्नावलीत नाही. डिप्रेशन तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली सगळीकडे वापरतात, ती उपयोगी आहेच. तिचा नववा प्रश्न मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, असा आहे. हा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर त्याच दिवशी कुणीतरी वाचलं पाहिजे आणि त्या मुलीशी त्याच दिवशी बोललं पाहिजे. फॉर्म सहा महिन्यांनी संगणकात भरणार असाल तर तो प्रश्न विचारू नका. मुलीने मदत मागितली आणि कागद कपाटात राहिला, यापेक्षा न विचारलेलं बरं. (१४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक फॉर्मच्या खाली छापायला काहीच खर्च येत नाही.)

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते. ही नोंद कुणाच्या मालकीची?

अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या दोन घटना सांगते. २०१४ मध्ये तिथल्या एका विद्यार्थिनीने बास्केटबॉल संघातल्या तिघांनी बलात्कार केल्याची तक्रार दिली. खटला उभा राहिला नाही. तिने २०१५ मध्ये विद्यापीठावर दावा लावला, आणि विद्यापीठाने आपल्याच समुपदेशन केंद्रातली तिची फाइल, तिची परवानगी न घेता, आपल्या वकिलांसाठी काढून घेतली. ती रडली असेल, काय काय बोलली असेल, ते सगळं ज्यांच्याविरुद्ध ती लढत होती त्यांच्या हातात. ही गोष्ट उघडकीला आली ती त्या केंद्रात काम करणाऱ्या दोन स्त्रियांनी जाहीर पत्र लिहिलं म्हणून. आपल्या व्यवसायातल्या त्या दोघींचा मला अभिमान वाटतो. त्याच वर्षी विद्यापीठाने आठ लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

दुसरी घटना शरीराची. हाडांची घनता मोजणारं डेक्सा नावाचं यंत्र असतं. हाडं वाचवायला आलेलं हे यंत्र चरबीही मोजतं. २०२१ मध्ये याच विद्यापीठाच्या ट्रॅक संघातल्या सहा मुलींनी वृत्तपत्राला सांगितलं की त्यांच्या चरबीचे आकडे वारंवार काढले जात, आणि त्यातून खाण्याची भीती, आजार सुरू झाले. यंत्र तेच, मोजमाप तेच. वैद्याच्या हातात ते मुलीला जपतं, निवड करणाऱ्याच्या हातात तिला उपाशी ठेवतं.

मिशिगन स्टेट विद्यापीठाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लॅरी नासर हा तिथला डॉक्टर उपचारांच्या नावाखाली मुलींवर लैंगिक अत्याचार करत होता. कंबर दुखते, खुबा दुखतो म्हणून त्या त्याच्याकडे जात. १९९७ मध्येच एका मुलीने प्रशिक्षिकेला सांगितलं होतं. २०१४ मध्ये दुसरीने रीतसर तक्रार केली. चौकशी झाली आणि हा वैद्यकीय उपचारच, असं ठरलं. २०१६ मध्ये रेचल डेनहॉलंडर वृत्तपत्रातून जाहीर बोलली, मग दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात उभं राहून सांगितलं. २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, आणि विद्यापीठाने ३३२ जणींशी ५० कोटी डॉलरची तडजोड केली. या मुलींच्या दुखापतींची नोंद होत नव्हती असं नाही. दुखापत, तारीख, उपचार, सगळं लिहिलं जात होतं. उपचाराच्या खोलीत काय झालं, याला रकाना नव्हता.

आपल्याकडे २०२३ मध्ये कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा लक्षात आलं की अनेक क्रीडा महासंघांत लैंगिक छळाविरुद्धची समितीच नीट अस्तित्वात नाही. २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. तेव्हा कोणत्याही महाविद्यालयात अशी नोंद सुरू होत असेल तर पहिली चौकशी ही करा, की समितीतल्या बाहेरच्या सदस्य बाईंचं नाव आणि फोन मुलींना माहीत आहे का.

मग नोंद करूच नये का? करावी, आणि मुलींसाठी अधिक करावी. पण प्रश्न विचारणारी व्यक्ती संघ निवडणारी नसावी. फॉर्मवर नाव नसावं, क्रमांक असावा, आणि क्रमांकाची यादी महाविद्यालयाच्या आवारात नसावी. भाग घेतला नाही म्हणून काही बिघडणार नाही हे तिला मराठीत, तोंडी, सरांच्या गैरहजेरीत सांगितलं गेलं पाहिजे. हे माझ्या मनचं नाही. आयसीएमआरची २०१७ ची संशोधनाची नीतितत्त्वं विद्यार्थ्यांसारख्या, दुसऱ्याच्या अधिकाराखाली असणाऱ्यांची विशेष काळजी घ्यायला सांगतात. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क आहे आणि कलम २५ मध्ये स्वतःची नोंद बघण्याचा.

एक गोष्ट मात्र संशोधकांकडून बहुतेकदा सुटते. प्रथम वर्षातल्या कितीतरी मुली सतरा वर्षांच्या असतात. अठराच्या आतल्या मुलीने लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मग ‘तू सांगशील ते कुणालाही कळणार नाही’ असं वचन तिला आधी देणं म्हणजे फसवणूक. काय गुप्त राहील आणि काय राहू शकत नाही, हे पहिल्या प्रश्नाच्या आधी सांगायचं. त्यामुळे काही मुली गप्प बसतील. गप्प बसायचं की नाही हे त्या ठरवतील.

आमच्या गटाने काही खेळाडू मुलींबरोबर बसून चार पानी नमुना तयार केला आहे. तो बाहेर टेबलावर ठेवला आहे. त्यात पाळीचा प्रश्न ठेवावा की नाही यावर अजून आमचं एकमत नाही. मुलींपैकी काहींचं म्हणणं, विचारा, कुणी विचारतच नाही. काहींचं म्हणणं, ते कागदावर नको, ताईशी बोलू. निष्कर्ष आधी मुलींच्या बैठकीत वाचून दाखवायचे आणि मगच छापायचे, यावर मात्र सगळ्या ठाम होत्या. पहिला प्रश्नही त्यांनीच सुचवला आणि आम्ही तो तसाच ठेवला : ‘हा फॉर्म तुझ्याकडून कोण परत घेणार आहे, हे तुला माहीत आहे का?’